बंदी खेळावर की ताब्यावर?

व्यावसायिक खेळाडूने प्राण्याचा छळ केल्याचे सिद्ध झाले तर त्याला खेळण्यास बंदी घालावी का, हा प्रश्न गेल्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. दर वेळी चर्चेची वाट ठरलेली असते: आधी संताप, मग तुलना, मग विसर. त्यातला तुलनेचा टप्पा सर्वांत उथळ. २००९ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू डॉन्टे स्टॉलवर्थ याने मायामीत दारूच्या अमलाखाली गाडी चालवून एका पादचाऱ्याचा जीव घेतला. त्याला ३० दिवसांचा तुरुंगवास आणि त्यानंतर नजरकैद झाली. कुत्र्यांच्या झुंजी लावणाऱ्या मायकेल व्हिक या त्याच खेळातल्या खेळाडूला मात्र २३ महिने. हे दोन आकडे शेजारी मांडले की वाद जिंकल्याचा भास होतो. २०२२ मध्ये मांजराला लाथ मारणाऱ्या फुटबॉलपटू कुर्त झुमाबद्दल विचारले असता त्याचा सहखेळाडू मिकाईल अँटोनियो याने, हे वर्णद्वेषापेक्षा वाईट आहे का, असा उलट सवाल केला. त्या सवालामागची वेदना खरी होती. पण अशा वजाबाकीतून एवढेच निघते की दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा अपुरी ठरली. पहिल्या गुन्ह्याचे काय करायचे हे त्यातून कळत नाही, आणि बंदी नेमकी कशावर घालायची, हा मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

प्राण्यांच्या झुंजींचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बडोद्याची हत्तींची साठमारी, गावोगावच्या कोंबड्यांच्या आणि एडक्यांच्या टकरी, इंग्लंडात १८३५ च्या कायद्याने बंद झालेल्या अस्वलांच्या आणि बैलांच्या झुंजी, ही सारी एकाच करमणुकीची रूपे. व्हिकचे प्रकरण या परंपरेतले असले तरी ते करमणुकीपुरते नव्हते, म्हणून ते जवळून पाहावे लागते.

व्हिक हा तेव्हा अटलांटा फाल्कन्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. २००४ च्या अखेरीस संघाने त्याच्याशी १० वर्षांचा, १३ कोटी डॉलरचा करार केला होता. व्हर्जिनिया राज्यातल्या सरी काउंटीत त्याच्या मालकीची १५ एकर जागा होती. एप्रिल २००७ मध्ये तिथे छापा पडला. झाडीच्या आड काळ्या रंगाने रंगवलेल्या खोल्या सापडल्या. मोटारींचे आस जमिनीत उभे पुरून त्यांना साखळ्यांनी कुत्री बांधली होती. आस फिरता राहिला की साखळीला पीळ बसत नाही, आणि शेजारच्या आसाला बांधलेला कुत्रा दिसत राहतो पण पोहोचता येत नाही. रोज डिवचत ठेवण्याची ही सोय. पन्नासहून अधिक पिट बुल जप्त झाले. व्हिकने सही केलेल्या कबुलीत नोंद आहे की त्याच वर्षी चाचणी-झुंजीत कमी पडलेली सहा ते आठ कुत्री फाशी देऊन, बुडवून आणि तत्सम मार्गांनी मारण्यात आली, आणि ते त्याच्यासह साऱ्यांच्या एकत्रित कृतीतून घडले.

डिसेंबर २००७ मध्ये त्याला शिक्षा झाली. तोवर झुंजींतून सोडवलेली कुत्री सहसा मारून टाकली जात. ती सुधारण्यापलीकडची मानली जात. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संघटनांनीही सुरुवातीला तोच सल्ला दिला होता. या खटल्यात मात्र न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करवून घेतली, त्यांच्यासाठी एका कायद्याच्या प्राध्यापिकेची पालक म्हणून नेमणूक केली, आणि त्यांच्या संगोपनासाठी व्हिककडून सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर वसूल केले. ४७ कुत्री वाचली. त्यांतली २२ युटा राज्यातल्या बेस्ट फ्रेंड्स या संस्थेच्या आश्रयस्थानात गेली आणि त्यांतली कित्येक पुढे घरांत रुळली. या खटल्यातला सर्वांत दूरगामी निर्णय हाच होता. खेळाडूच्या भवितव्यावर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या तुलनेत या निर्णयावर फारच थोडे लिहिले गेले.

नॅशनल फुटबॉल लीगचे कमिशनर रॉजर गुडेल यांनी ऑगस्ट २००७ मध्ये व्हिकला अनिश्चित काळासाठी निलंबित केले. निलंबनाच्या कारणांत क्रौर्य होते, तसाच जुगारही होता. झुंजींवर लागणारा पैसा व्हिकने पुरवला होता. लीगच्या नियमांच्या दृष्टीने जुगाराचे कलम अधिक भक्कम होते, कारण जुगार खेळाच्या सचोटीलाच धोका असतो. हा तपशील महत्त्वाचा आहे. क्रीडासंस्थेला खेळाडूवर जो अधिकार असतो तो खेळाच्या रक्षणासाठी असतो. २००० मध्ये क्रिकेटपटू हॅन्सी क्रोनिए आणि मोहम्मद अझरुद्दीन यांच्यावर आजन्म बंदी आली, ती सामना विकल्याच्या आरोपावरून. तो गुन्हा ज्या जागी झाला त्याच जागेवरून त्यांना हटवण्यात आले. अझरुद्दीनवरची बंदी पुढे उच्च न्यायालयात टिकली नाही ही गोष्ट वेगळी. बंदीमागचा तर्क सुसंगत होता.

झुमाचे प्रकरण याहून लहान, पण अधिक बोलके. तो तेव्हा इंग्लंडमधल्या वेस्ट हॅम क्लबचा बचावपटू होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये एक चित्रफीत बाहेर आली. त्यात तो स्वयंपाकघरात आपल्या मांजराला लाथेने उडवतो, त्याच्यावर चपला फेकतो, चापट मारतो; धाकटा भाऊ योआन चित्रीकरण करतो आणि मागे हसू ऐकू येते. दुसऱ्याच दिवशी, ८ फेब्रुवारीला, वॉटफर्डविरुद्ध झुमा मैदानात होता. चेंडू त्याच्या पायाशी आला की स्वतःच्या संघाचे पाठीराखेही हुर्यो उडवत होते. क्लबने नंतर त्याच्याकडून दोन आठवड्यांच्या वेतनाचा दंड घेऊन ती रक्कम प्राणिसेवेला दिली, आदिदासने करार मोडला, दोन्ही मांजरे काढून घेण्यात आली. १ जून रोजी लंडनच्या न्यायालयाने त्याला १८० तासांची सामुदायिक सेवा सुनावली आणि पाच वर्षे मांजर पाळण्यास मनाई केली. फुटबॉल संघटनेने खेळण्यावर बंदी घातली नाही.

या प्रश्नावरची काही मते लवकर बाजूला ठेवता येतात. प्राणी तो प्राणीच, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. कायद्याने तो वाद दोनशे वर्षांपूर्वीच मिटवला. मांसाहारी समाजाला असा संताप शोभत नाही, हा आक्षेप मांसाहाराविरुद्धचा आहे, क्रौर्याच्या बाजूचा नाही. आज जो प्राण्यांना मारतो तो उद्या माणसांना मारेल, हा युक्तिवाद चांगल्या हेतूने केला जातो, पण त्यात प्राण्याचे दुःख पुढच्या धोक्याची खूण एवढेच उरते.

एक मत मात्र असे सहज बाजूला ठेवता येत नाही, कारण ते सभ्य आहे, लोकप्रिय आहे आणि न्यायालयांच्या तोंडीही आहे. ते असे: खेळाडू हा मुलांचा आदर्श असतो, म्हणून त्याला मैदानातून काढले पाहिजे. झुमाला शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनीही, अनेक तरुण तुझ्याकडे आदराने पाहतात, अशा अर्थाचे बोल सुनावले. बंदीच्या बाजूचा सगळा भार शेवटी याच खांबावर येतो, आणि हा खांब पोकळ आहे.

पहिली गोष्ट, या तर्काने गुन्ह्याची तीव्रता गुन्हेगाराच्या प्रसिद्धीवरून मोजली जाते. लाथ खाणाऱ्या मांजराला लाथ मारणारा प्रीमियर लीगमध्ये खेळतो की गोदामात काम करतो, याने काहीही फरक पडत नाही. बरगडीला लागते ते तेवढेच लागते. आदर्शाची भाषा सुरू झाली की नजर मांजरावरून उठते आणि प्रेक्षकांकडे वळते. ज्याच्यावर अन्याय झाला तो जीव बाजूला राहतो आणि ज्यांनी तो अन्याय पडद्यावर पाहिला ते पीडित ठरतात.

दुसरी गोष्ट व्यवहारातली. हा नियम प्रत्यक्षात उलटा चालतो. भाऊ योआन हा तेव्हा डॅगेनहॅम अँड रेडब्रिज या खालच्या श्रेणीतल्या क्लबचा खेळाडू होता. त्याने चित्रीकरण केले होते. त्याच्या क्लबने चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला खेळवायचे नाही असे ठरवले. लाथ मारणारा मोठा भाऊ मात्र दुसऱ्या दिवशी हजारो प्रेक्षकांपुढे उतरला. आदर्शाचा सिद्धान्त खरा असता तर जो अधिक प्रसिद्ध त्याच्यावर अधिक कठोर कारवाई झाली असती. घडले ते वेगळे, कारण क्लबचा हिशेब गुणतालिकेचा होता. जो बदलता येतो त्याला बसवतात, ज्याच्यावाचून अडते त्याला खेळवतात. ज्या तत्त्वाचा भार नेहमी दुबळ्यावरच पडतो, ते तत्त्व म्हणून पुढे करणे योग्य नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. ज्या तर्काने खेळाडूला काढायचे, त्याच तर्काने त्याला परत आणून डोक्यावर घेता येते. व्हिक तुरुंगातून सुटला, जुलै २००९ मध्ये त्याला अटींवर लीगमध्ये परत घेतले, फिलाडेल्फिया ईगल्सने करार केला, आणि २०१० च्या मोसमात तो पुनरागमनाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. दुसरी संधी दिल्याबद्दल राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी संघाच्या मालकांचे फोन करून कौतुक केले. तोच माणूस आता पश्चात्तापाचा आदर्श झाला. त्याने प्राणिरक्षण संघटनेसोबत शाळांमध्ये जाऊन मुलांना झुंजींविरुद्ध सांगितले, झुंजींच्या प्रेक्षकांनाही शिक्षा व्हावी यासाठी २०११ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन कायद्याची बाजू मांडली. ती तरतूद पुढे मंजूर झाली. हे काम खोटे मानण्याचे कारण नाही. पण या कथेत फाशी दिलेली कुत्री नायकाच्या वाटेवरची एक पायरी होऊन बसतात. आदर्श पाडणे आणि आदर्श उभारणे या एकाच यंत्राच्या दोन फेऱ्या आहेत, आणि दोन्ही फेऱ्यांत प्राणी कुठेच नसतो.

मुलांबद्दलची काळजी खरी आहे, हे मान्य करायला हवे. पण मुले शिकतात ती समोर दिसणाऱ्या परिणामातून. चार सामने संघाबाहेर राहिलेला खेळाडू पाहून मूल एवढेच शिकेल की मोठ्या माणसाचे चित्रीकरण होऊ देऊ नये. ज्याने मांजराला मारले त्याच्या घरात मांजर राहणार नाही, हा परिणाम सहा वर्षांच्या मुलालाही समजतो.

इथे या प्रश्नातला खरा भेद येतो. बंदी दोन प्रकारची असते: काम काढून घेणारी आणि ताबा काढून घेणारी. पाळलेल्या प्राण्यावरचे क्रौर्य हा मुळात ताब्याचा गैरवापर असतो. साखळीला बांधलेला कुत्रा किंवा बंद घरातले मांजर पळून जाऊ शकत नाही, तक्रार करू शकत नाही, दुसरा मालक निवडू शकत नाही. खाणे, पाणी, निवारा, औषध या साऱ्यासाठी ते एका माणसावर अवलंबून असते, आणि तोच माणूस मारतो. त्या माणसाने ज्या सत्तेचा गैरवापर केला ती सत्ता म्हणजे मालकी. क्वार्टरबॅक म्हणून चेंडू फेकण्याच्या सत्तेचा त्याने गैरवापर केलेला नाही. म्हणून न्यायाची सरळ मागणी ही की मालकी काढून घ्यावी, आणि ती लवकर परत देऊ नये.

हा भेद खेळांना लावला की काही गोष्टी जागेवर बसतात. ज्या खेळात प्राणी सहभागी असतो तिथे काम आणि ताबा एकच होतात, आणि तिथे खेळावरची बंदी पूर्णपणे योग्य ठरते. ब्रिटनची शार्लट दुजार्दिन, घोडेस्वारीत सहा ऑलिंपिक पदके मिळवलेली, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर माघार घेऊन घरी राहिली. सरावाच्या वेळी लांब चाबकाने घोड्याच्या पायांवर मिनिटभरात वीसहून अधिक फटके मारतानाची तिची जुनी चित्रफीत बाहेर आली होती. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने तिला एक वर्षाची बंदी आणि १० हजार स्विस फ्रँक दंड केला. घोडा हा त्या खेळात साधन नसून जोडीदार असतो, असे महासंघच सांगत असतो. जोडीदाराला असे मारणाऱ्याला एका वर्षात परत खोगिरावर बसू देणे ही सौम्यता आहे. टोकियोत २०२१ मध्ये आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये जर्मन प्रशिक्षिकेने बिथरलेल्या घोड्याला मूठ मारली, तेव्हा तिला स्पर्धेतून काढण्यात आले आणि पॅरिसनंतर त्या खेळातून घोडाच वगळण्यात आला. ताबा नीट सांभाळता येत नसेल तर ताबाच नको, असा तो निर्णय होता आणि तो बरोबर होता.

महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींनाही हाच निकष लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर बंद पडलेल्या या शर्यती राज्याच्या २०१७ च्या कायदादुरुस्तीमुळे, डिसेंबर २०२१ मधल्या त्याच न्यायालयाच्या परवानगीने आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केल्याने पुन्हा सुरू झाल्या. परवानगीच्या अटींत चाबूक आणि विजेचा झटका यांना मनाई आहे. घाटात बैल धावताना शेपटी पिरगाळणारा किंवा बॅटरी लावणारा गाडीवान सापडला तर त्याला सर्व घाटांवर कायमची बंदी असावी. तिथे शर्यत म्हणजेच बैलावरची सत्ता आहे.

आता जिथे प्राणी खेळात नाही, अशा खेळांकडे परत वळता येते. झुमा किंवा व्हिक यांचे खेळणे हे त्यांचे पोट आहे. कोट्यवधींचे असले तरी पोटच. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगल्यावर सुताराला करवत परत मिळते, खेळाडूलाही मैदान परत मिळावे. मात्र दोन गोष्टी यातून वगळाव्या लागतात. एक, चौकशी सुरू असताना खेळाडूला बसवणे. ही शिक्षा नव्हे, साधी रीत आहे, आणि वेस्ट हॅमने ती मोडली. दुसरी, मान. संघात जागा ही उपजीविका असली तरी कर्णधारपद हा मान आहे, आणि मानावर कुणाचा हक्क नसतो. मांजर पाळण्याची मनाई चालू असतानाच २०२३ मध्ये वेस्ट हॅमने झुमाला कर्णधार केले. खेळू देणे योग्य होते, कर्णधार करणे अयोग्य होते.

व्हिकच्या बाबतीत या भेदाकडे झालेले दुर्लक्ष अधिक स्पष्ट दिसते. तुरुंगवासानंतरच्या तीन वर्षांच्या देखरेखीच्या काळात त्याला कुत्रा पाळण्यास मनाई होती. ती मुदत संपली आणि २०१२ मध्ये त्याच्या घरी कुत्रा आल्याचे त्याने जाहीरपणे मान्य केले. मुलांसाठी आणला, असे तो म्हणाला. त्या वेळी गदारोळ झाला, पण त्याच्या मैदानात परतण्यावर झालेल्या वादाच्या मानाने तो किरकोळ होता. आणि त्याच खटल्यातल्या कुत्र्यांपैकी लुकस नावाचा कुत्रा युटात होता. झुंजींत त्याने बाजी मारली होती आणि माणसांशी तो अत्यंत प्रेमळ होता. त्याच्याबाबत न्यायालयाचा आदेश असा होता की त्याला कुठल्याही घरात देऊ नये, आयुष्यभर त्या संस्थेतच ठेवावे. २०१३ मध्ये तो तिथेच वारला. झुंजवलेल्या कुत्र्याला आजन्म निर्बंध आणि झुंजवणाऱ्या मालकाला तीन वर्षांचा, हा हिशेब कोणत्याही नीतीत बसत नाही. निर्बंध उलट असायला हवे होते.

भारतात असा प्रसंग एखाद्या नामवंत खेळाडूच्या बाबतीत आला तर चर्चा लगेच नियामक मंडळाने त्याला किती सामने बसवावे याकडे जाईल, आणि कायद्याची चर्चा झालीच तर ती दंडाच्या रकमेवर होईल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे, ही लाज आहेच आणि ती दूर झाली पाहिजे. पण त्याच कायद्यातल्या कलम २९ कडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. दोषी ठरलेल्या मालकाचा प्राणी जप्त करण्याचा आणि त्याला ठरावीक काळासाठी किंवा कायमचा, कोणताही प्राणी ताब्यात ठेवण्यास मनाई करण्याचा अधिकार हे कलम न्यायालयाला देते. मनाईसाठी मात्र अटी आहेत: आरोपीचा पूर्वेतिहास, स्वभाव किंवा त्या प्राण्याला दिलेली वागणूक यांचा पुरावा हवा, तक्रारीतच तशी मागणी नोंदवलेली हवी, आणि असा प्राणी पाळायला परवाना लागतो अशाच भागात गुन्हा घडलेला हवा. या शेवटच्या अटीमुळे परवान्याची पद्धतच नसलेली असंख्य गावे कलमाच्या बाहेर राहतात. कायद्यात दुरुस्ती करायची तर दंड वाढवण्याबरोबर परवान्याची ही अट काढून टाकावी, आणि प्राण्याच्या छळाची तक्रार लिहून देणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात एक ओळ न विसरता घालावी: आरोपीला कलम २९ खाली प्राणी बाळगण्यास मनाई करण्यात यावी.